मी आपली सोबत आले

…आणि वरनं म्हणायचं काय, तर ‘टेन्शन घेऊ नका’! अवो, टेन्शन काय पिशवी घेऊन मंडईत आणायला जातंय का कुणी? डॉक्टर म्हणतो घेऊ नका, दीर म्हणतो घेऊ नको, वरच्या मजल्यावरची भाडेकरीण जिना उतरता उतरता म्हणते घेऊ नका, अवो घेत न्हाई कुणी, ते आपल्या पायानं घरात शिरतंय, चप्पल पण बाहेर काढत न्हाई! …बसा की तुमी, उभ्या कशाला? ती खुर्ची डुगडुगती, पण पडत न्हाई, मला ठावं हाय, आमच्या ह्यांच्यापायी वरीस होत आलं, हितल्या सगळ्या खुर्च्यांवर बसून झालंय. मी? न्हाई न्हाई, मला काही न्हाई हो, मी आपली सोबत आले.

तुमाला सांगते, आमचं नवी पेठेत साड्यांचं दुकान, सासऱ्यांपासनं. आणि आमचे मालक म्हणजे बस्त्यातला हुकमी माणूस. लग्नाचा बस्ता बांधायला लोक कशी येतात बघितलंय न्हवं? टेम्पो भरून! मावशी, आत्या, आत्याची जाऊ, जावेची शेजारीण, सगळ्या पुढं, आणि जिला नेसायचीय ती पोरगी बिचारी मागं भिंतीला टेकून. तर हे गादीवर बसले की पहिलं विचारणार, ‘नवरी कोण? तिला पुढं घ्या, बाकीचे मागं सरा.’ मग दोन्हीकडच्या विहिणी गप! सोलापुरात नाव हाय ह्यांचं त्या एका वाक्यावर.

आणि ह्याच माणसाला, मागच्या लग्नसराईत, भर दुपारी, अक्कलकोटचा बस्ता बसलेला, हिरवा शालू उलगडायलेत, अर्धा उलगडला… आणि हात थांबला. छाती धडाधडा, हाताला मुंग्या, घशाला कोरड, घामानं सदरा पाठीला चिकटलेला, समोरच्या बायका लांब लांब जायल्यात असं वाटतंय, आणि तसल्यात मला फोन, ‘राजेश्वरी, मी चाललो गं.’ मी म्हटलं या की, भाकरी टाकते! मला काय ठावं, माणूस वर चाललाय म्हणून!

मग काय, रिक्षा, दवाखाना, छातीला त्या वायरी… आणि डॉक्टर बाहेर येऊन म्हणतात, ‘हार्ट उत्तम आहे, घरी न्या.’ आता आनंद व्हायला पायजे का न्हाई? तर बाहेर पाव्हणे शहाळी घेऊन उभे, त्यांची तोंडं बघायची होती! आमचा दीर सिद्धलिंग म्हणतो, ‘काहीच न्हाई? …निदान गॅस तरी?’ जसं काही एवढ्या लांबनं आल्याचा मान ठेवला न्हाई ह्यांनी! तवापासनं ह्यांना भीती दोन. एक मरायची आणि दुसरी, परत काहीच निघालं न्हाई तर लोक काय म्हणतील त्याची.

आणि परत आलं की ते! परत, आणि परत. तिसऱ्या-चौथ्या वेळी तर दवाखान्यातली सिस्टरच म्हणायची, ‘आलात काका? झोपा, सवयीची कॉट मोकळी आहे.’ घरी सासूबाई, काशम्मा, वय झालेलं, त्या दारातनंच कानडीत ओरडायच्या, ‘येनातु, येनातु?’ काय झालं, काय झालं… आणि मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढायच्या. चुलीवर मिरच्या! सगळं घर ठसकायला लागलं की हे म्हणायचे, ‘बघ, दम लागायलाय मला!’ अवो, सगळ्यांनाच लागायलाय!

पण हसू नका हं. मी हसले आणि मग रडले मोरीत जाऊन. कारण माणूस आटत चालला होता डोळ्यांदेखत. आधी बस्त्याला बसायचं बंद केलं, मग गादीवर बसायचं, मग दुकानाची पायरी चढायची, मग नवी पेठेत शिरायचंच बंद. पानाच्या ठेल्यापर्यंत जायचे आणि लांबनं आपल्याच दुकानाची पाटी वाचून परत यायचे. घरी बसून दर घटकेला, ‘राजेश्वरी, माझा चेहरा पांढरा दिसायलाय का?’ मी म्हणायची, ‘न्हाई हो, लाल हाय.’ ‘लाल? बीपी वाढलं!’ खिशात ते करोनातलं मिशीन, बोटाला लावायचं. जेवताना डाव्या बोटाला मिशीन, उजव्या हातानं आमटी-भाकरी. आणि माझं काम एकच, त्यांच्या तोंडाकडं बघत बसायचं. स्वैपाक करता करता बघायचं, टीव्ही बघता बघता बघायचं, डोळा लागला तरी एक कान तिकडंच…

थांबा, माझा फोन वाजला का? न्हाई… न्हाई वाजला. बरंच की. …का रेंज न्हाई हितं? तुमच्या फोनला हाय? मग बरं. मला काही न्हाई हो, मी आपली सोबत आले, पण फोन बघायला काय जातंय?

तर तसल्यात आमच्या पोरीचं, दानेश्वरीचं लग्न ठरलं, मोहोळच्या घरात. आता बस्ता आला! सिद्धलिंग म्हणतो, ‘वैनी, अण्णाला झेपायचं न्हाई, आपण बस्ता दुसऱ्या दुकानात बांधू की.’ ऐका! कापडवाल्याच्या पोरीचा बस्ता दुसऱ्याच्या दुकानात! गाव तोंडात शेण घालंल. पण दानी, ती भांडली न्हाई, रडली न्हाई, ती एवढंच म्हणाली, ‘अप्पांनी जन्मभर दुसऱ्यांच्या पोरींना पुढं बसवलं. मला त्यांनी नाही बसवलं तर मी कुणाच्याच हातची साडी घेणार नाही.’ आणि हे खुर्चीत बसलेले, मान खाली, बोटाला मिशीन. त्या दिवशी मी देवापुढं सांगते, मला वाटलं हे दुखणं छातीत असतं तर बरं झालं असतं, निदान कापून काढता आलं असतं.

मग आमच्या जुन्या डॉक्टरांनीच हितला पत्ता दिला. म्हणाले, समुपदेशन घ्या. सासूबाई म्हणाल्या, ‘पोराला येड लागलंय का माझ्या?’ सिद्धलिंग म्हणाला, ‘नुसतं बोलून काय होतंय? बोलायला आमी न्हाई व्हय?’ आणि हे म्हणाले, ‘जातो. पण सगळे चला.’

आता बघा, ह्या माणसानं जन्मात कुणाला एकटं खरेदीला आलेलं बघितलंच न्हाई! मोठं काम म्हटलं की गोतावळा पायजे. गेलो की आमी, जीप करून! मी, सासूबाई, सिद्धलिंग, त्याची बायको, शिवबाई आत्या खास वेळापूरवरनं, डब्यात चपात्या आणि शेंगाचटणी. ह्या आतल्या खोलीत. एवढ्याशा. समुपदेशनवाल्या निवेदिता मॅडमनी दार उघडलं, बघितलं, आणि पोरगी तरी कशी, हसली न्हाई! आत घेतलं सगळ्यांना. विचारलं, ‘काका, काय होतं तुम्हाला?’

काकांनी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाल्या, ‘पित्त हाय त्याचं.’ सासूबाई म्हणाल्या, ‘दृष्ट हाय.’ सिद्धलिंग म्हणाला, ‘मोबाईल लई बघतो.’ जाऊबाई म्हणाल्या, ‘वास्तू.’ मी म्हटलं, ‘झोप न्हाई, भूक न्हाई, परवा तर आंघोळीला पण…’ आणि हे बिचारे सोफ्याच्या टोकाला भिंतीला टेकून. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘काका, तुमच्या दुकानात बस्ता आला की तुम्ही पहिलं काय करता?’

हे म्हणाले, ‘विचारतो की… नवरी कोण.’

‘मग इथे कोण?’

तुमाला सांगते… ह्यांनी सगळ्यांकडं एकेकदा बघितलं, माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं, मग हळूच स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि ढसाढसा रडले हो. लग्नात नवरी रडती तसं. मॅडम म्हणाल्या, ‘बाकीचे मागे सरा.’ आणि आमची सगळी जीप हितं बाहेर, ह्या डुगडुगत्या खुर्च्यांवर.

मग हे एकटे जायला लागले आत, आणि मी हितं. मला काही न्हाई हो, मी आपली सोबत यायची. बाहेर येऊन ते मला सांगायचे. मॅडम म्हणाल्या म्हणे, ‘काका, तुमच्या शटरचा सायरन मांजर आलं तरी वाजतो ना? म्हणून चोर आला असं होतं का? हे तसंच. शरीर उगाच बोंब मारतंय. धोका नाही, फक्त आवाज आहे. आवाज चढतो, चढतो, आणि तुम्ही पळाला नाहीत तर आपोआप उतरतो. दरवेळी पळालात तर मनाला वाटतं, पळालो म्हणून वाचलो.’ मग श्वास. घ्यायचा साधा, सोडायचा सावकाश, फुंकर घालून दूध निववल्यासारखा. मग हळूहळू पेठेत जायचं. आधी नुसतं पानाच्या ठेल्यापाशी उभं राहायचं, छाती धडधडली तरी. मग पायरीवर. मग सकाळी गिऱ्हाईक नसताना गादीवर. ह्यांनी तितं पण घासाघीस केली, ‘मॅडम, पायरी सोडू की, डायरेक्ट गादी घ्या.’ मॅडम म्हणाल्या, ‘एकच भाव.’ मधे एकदा पायरीवरनं पळूनही आले, चार दिवस तोंड दाखवलं न्हाई. मॅडमनी रागवायचं सोडून विचारलं, ‘मग परत कधी जायचं?’

आणि मला बोलावून काय सांगितलं? ‘काकू, त्यांनी विचारलं चेहरा कसा दिसतोय, तर सांगायचं नाही. सारखं त्यांच्याकडे बघायचंही नाही.’ अवो, बघायचं न्हाई? इतके महिने मी दुसरं केलंय काय? माझं कामच काढून घेतलं की! ह्यांनी विचारायचं, ‘चेहरा?’ आणि मी भाकरीकडं बघत म्हणायचं, ‘मॅडमना विचारा.’ जीभ चावून चावून फोड आला. ह्यांनी एक दिवस ते मिशीन काढून ठेवलं, म्हणाले, ‘टाकून दे.’ टाकते कशाला? असू दे म्हटलं पिशवीत. हे बघा. तुमचं बोट द्या बघू… अठ्ठ्याण्णव! छान हाय तुमचं. आता माझं… हां, ठीक हाय. न्हाई, मला काही न्हाई हो, हाय म्हणून लावते.

तर बस्त्याचा दिवस उजाडला. मोहोळची मंडळी आली, टेम्पो भरून. हे गादीवर, पांढरा सदरा. बसल्या बसल्या म्हणाले, ‘नवरी कोण?’ सगळे हसले, आणि दानी पुढं येऊन बसली. एक साडी दाखवली, दुसरी दाखवली, तिसरी डाळिंबी इरकल घेतली, अर्धी उलगडली… आणि हात थांबला.

माझा जीवच गेला. तोच थांबलेला हात, तोच घाम. मी उठले होते हो, मॅडमचे शब्द आठवून परत बसले, पदर तोंडात कोंबला. सिद्धलिंगानं रिक्षाला फोन लावला पण! आणि आमचे मालक काय म्हणाले ठावं हाय? व्याह्यांसमोर, विहीणबाईंसमोर, मोठ्यांदा, ‘जरा थांबा. माझी छाती धडधडायलीय. जरा धडधडू द्या तिला, मग दाखवतो.’ आणि बसले श्वास सोडत. विहीणबाई एवढ्या फाटक्या तोंडाच्या, त्या म्हणाल्या, ‘धडधडू द्या की. माझी तर किंमत ऐकून मघापासनं धडधडायलीय!’ सगळं दुकान हसलं, हे पण हसले, आणि हसता हसता ते उतरलं की हो! आपोआप! ह्यांनी ती इरकल पुरी उलगडली आणि दानीच्या खांद्यावर टाकली. त्या पोरीचे डोळे… जाऊ दे.

मी बघितलं न्हाई पुरतं. तवर मी उठून मागल्या जिन्यात जाऊन बसलेली, बोटाला मिशीन लावून.

लग्न झालं, झकास झालं. …काय म्हणता? मालक आत हायत का? न्हाई हो! ते आत कशाला? ते दुकानात. आज मंगळवेढ्याचा बस्ता हाय, सकाळी शीळ घालत गेले… मग मी कुणाच्या सोबत आले म्हणता?

बघा की. दानी गेली सासरी, हे गेले दुकानात, आणि ते घरात शिरलेलं टेन्शन एकटं राहिलं माझ्याजवळ. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला होतंय. फोन वाजला तर धडधड, न्हाई वाजला तर जास्त. परवा ह्यांनीच बघितलं, मी भाकरी थापता थापता थांबलेली, हात अर्ध्यात. म्हणाले, ‘राजेश्वरी, तुझा नंबर लावलाय मॅडमकडं. येऊ का सोबत?’ मी म्हटलं, कशाला, जीप करायचीय व्हय परत? मला काय झालंय!

…दार उघडलं बघा. मॅडम बघा कशी हसायलीय, एकटीच आले ते दिसतंय न्हवं तिला, तरी मुद्दाम विचारायलीय, नवरी कोण म्हणून! धरा हो जरा ही पिशवी. मिशीन पण धरा, आत चालत न्हाई ते… व्हय मॅडम, आले, आले… मीच हाय आज नवरी. पण आधीच सांगते हं, मला काही न्हाई हो… मी आपली माझ्याच सोबत आले.