भर उन्हात लावलेल्या बत्त्या

माझं नाव सकरी. तांड्यात सकरीबाई म्हनतात. घरधन्याचं नाव काही मी घेनार नाई, तुमी लिहून घ्याले बसले तरी नाई. सारा रस्ता त्याले ड्रायवर म्हनते, तं मीबी ड्रायवरच म्हनतो. आमी गोर, लमानी. माझ्या आज्याच्या काळात आमची मानसं बैलाच्या पाठीवर गोन्या टाकून मीठ न्यायची, धान आनायची, मुलूखच्या मुलूख फिरायची. मंग आगगाडी आली, सडका झाल्या, बैलावरचं मीठ कोन घेनार, तं जिथं थांबले तिथं तांडे बसले. माझं सासर वणी अन् मारेगावच्या मधात, टेकडीवर. टेकडीखालून सडक जाते, नाल्यात उतरते अन् मंग वर चढते. कोनत्याबी दारात बसा, दूरची मोटार दिसते, कोनाची हाय तेबी समजते. हे वरून दिसनंच आमाले भोवलं, भाऊ.

आपून मुंबई राज्यात गेलो, त्या साली ड्रायवर राजूरच्या खानीच्या कोळशावर लागला. वणीच्या एका शेठची मोटार होती, समोर नाक असलेली, हिरवी. राजूरले कोळसा भरायचा अन् कापसाच्या जिनात न्यायचा, कवा यवतमाळले, कवा पार नेरपरेंत. जिनात बायलर असते, त्याले कोळसा लागते. म्हनजे पाहा, कापूस निघाला की जिन सुरू, जिन सुरू की कोळसा पाहिजे, अन् नेमक्या त्याच दिवसात सगळ्या वावरातला कापूस बंड्यायवर लादून सडकेले लागते. मुरमाची सडक, पुढं पाच-पन्नास बंड्या, त्याच्यात बैलायचे पाय. असा धुरळा उठे का भर दुपारी सूर्व्याबी दिसे ना. त्या धुरळ्यात इकडून मोटार, तिकडून मोटार. सांजेपरेंत माझा जीव टांगनीले लागलेला राहे.

आता तुमाले त्या रस्त्याची एक रीत सांगतो, नाई तं पुढचं समजनार नाई. मेल्या मानसाजवळ दिवा जळत ठेवा लागते, दिवस असो का रात असो. आमच्यातबी तसंच, कुनब्यायमधीबी तसंच. पन मानूस खानीत मेला, दवाखान्यात मेला, अन् त्याले मोटारीत घालून गावाले आनाचं म्हनलं तं दिवा कसा राहीन, वाऱ्यानं विझूनच जाईन ना. म्हनून आमच्या इकडच्या ड्रायवर लोकायनं काय केलं, तं मोटारीच्या दोनी बत्त्या लावायच्या. तोच दिवा. दिवसा बत्त्या लावलेली मोटार आली का बंडीवाला बंडी बाजूले घे, बसलेला उठून उभा राहे, मानसं डोक्यावरचं काढत. पोट्टे खेळनं थांबवत. कोनी विचारे ना, कोन गेलं म्हनून, मोटार कोनत्या गावाकडं वळते तेच पाहत. समजलं का? दिवसा बत्ती म्हनजे मरन, दुसरं काही नाई.

मंग एका वर्सी कापसाच्या दिवसात करंजीकडं दोन मोटारी धुरळ्यात समोरासमोर भिडल्या. त्याच्यातला एक ड्रायवर आमच्या ड्रायवरचा जोडीदार होता, आमच्या घरी जेवून गेलेला. त्याले दुसऱ्या मोटारीत घालून, बत्त्या लावून आमच्या टेकडीखालून नेलं, मी उभी राह्यली. त्याच्यानंतर वणीचा करीम मिस्त्री, थो आमच्या ड्रायवरचा मानलेला भाऊ, थो ड्रायवरले म्हने, अरे बाबा, धुरळ्यात बत्ती लगाव, तुले रस्ता दिसो का न दिसो, समोरच्याले तू तं दिसशीन. ड्रायवर म्हने, दिवसा? लोक काय म्हनतीन? शेठ म्हनीन बॅटरी उतरली. मिस्त्री म्हने बॅटरी डायनामा भरते, अन् लोकायचं लोक पाहतीन.

ड्रायवरनं मले हे काही सांगतलं नाई. धुरळा आला का बत्त्या लावे अन् गाव आलं का बंद करे. चोरून चोरूनच करे म्हना ना. घरी मी, दोन लेकरं अन् त्याची याडी. आमच्यात मायले याडी म्हनतात. त्याचा बाप लवकर गेलता, याडीनं ह्या एकाच लेकासाठी काटे तोडले, मोळ्या इकल्या. मले वाटे माझीच काळजी मोठी, पन तिची पाहाल तं माझी काहीच नाई. पोरगा सकाळी गेला का ती दारात बसे, तं थो येईपरेंत तिथंच.

त्या दिवशी काय झालं, नाल्यात एका बंडीचा आख मोडला. मांगं बंड्याच बंड्या, सगळा धुरळा नाल्यावर, अन् त्या धुरळ्यात आमची हिरवी मोटार येऊन थांबली. दोनी बत्त्या जळून राह्यल्या. दुपारचं ऊन. ड्रायवरले काय मालूम, धुरळ्यात टेकडी त्याले दिसे ना, पन टेकडीवरून आमाले बत्त्या दिसल्या. अन् मोटार पुढं जाये ना, तिथंच उभी. याडी म्हने, कोनी दुसराच चालवून राह्यला ओ, माझ्या लेकाले मांगं टाकलं अन् आता घरी कसं सांगाव म्हनून तिथंच थांबले. सगळा तांडा उठून उभा राह्यला. कोनी मयताच्या आंघोळीले पानी भरून बाहीर ठेवलं. आमच्यात लगन झालेली बाई केसायले घुगरी-टोपली बांधते, चांदीची, गालावर लोंबते, नवरा गेला तवाच ती निंगते. अन् याडीचं डोस्कंच ठिकान्यावर नाई, ती आली अन् तिनं आपल्या हातानं माझी घुगरी-टोपली ओढून काढली. बायायनं धरलं तिले, म्हने मयत तं येऊ द्या आंधी, पन काढलं ते काढलं.

मंग मोटार वर चढली. बत्त्या तशाच. अन् दार उघडून ड्रायवर खाली उतरला, सगळा धुरळ्यानं पांढरा, अन् इचारते काय, काहून उभे सगळे, कोन मेलं?

तुमाले हासू येऊन राह्यलं. तवाबी काही लोक हासले. पन याडी हासली नाई. ती त्याच्या पायापाशी बसली अन् म्हने, माझ्या हातानं मी तुले मारलं. जित्या लेकाच्या बायकोचं मी काढलं, आता हे खरं झाल्याशिवाय राहनार नाई. तांड्याच्या नायकानं चार लोक पंचायतीले बसवले. नायक म्हने, निंगालेली घुगरी-टोपली लगनाशिवाय चढत नाई, तं लावा पुन्हा लगन. काय सांगू तुमाले, मुसळ गाडून त्याच्याभोवती आमी पुन्हा फेरे मारले, माझं लहानगं माझ्याच कडेवर. बाया गानं म्हनून म्हनून दमल्या. मीबी हासली त्या दिवशी. पन याडीनं त्याच मांडवात लेकाचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला अन् शपथ घातली, पुन्हा दिवसा बत्ती लावशीन तं माझं मेलेलं तोंड पाहाशीन.

मायची शपथ. ड्रायवरनं पाळली. अन् मले आता सगळं मालूम झालतं, बत्त्या कायले लावे ते. आंधी मी नुसती भ्यायची, आता कायले भ्याव ते समजून भ्याले लागली. थो सकाळी निंगे तं मी पयले सडकेकडं पाहाव, धुरळा किती हाय. भाकर थापता थापता हात थांबे माझा. लेकरू तापलं तरी माझं ध्यान सडकेवर. पानी पडलं का मले आनंद, का आज धुरळा दबला. वावरातला कापूस भिजला म्हनून लोक रडून राह्यले अन् मी आतून खुशी. अशी झालती मी.

पुढच्या हंगामात एक दिवस थो आला तं मोटारीचं एका बाजूचं सगळं पत्र्यायचं चिपाड झालेलं, अन् त्याच्या कपाळावर फडकं. समोरून मोटार आली, ऐन जवळ येईपरेंत दोघायलेबी दिसली नाई, घासून गेली. एवढं सांगून थो जेवला अन् झोपला. याडी त्याच्या उशाशी बसून कपाळ पाहून राह्यली, डोळ्याले पानी. मी सासूपुढं कवाच तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. म्हनलं, याडी, बत्त्या न लावता थो मेला, तं त्याले बत्त्या लावूनच घरी आनतीन.

एवढंच म्हनली मी. तिनं त्याच्या कपाळावरचं फडकं नीट केलं. मले वाटलं आता मले घराबाहीर काढते. मंग म्हने, लाव म्हना त्याले. माझी शपथ मी परत घेतली म्हना. पन त्या दिवसापासून ती दारात सडकेकडं तोंड करून बसली नाई. पाठ करून बसे. पोरगा खाली उतरून याडी म्हने, तवाच वळे.

ड्रायवर मंग उघड उघड बत्त्या लावाले लागला, गाव असो का काही असो. लोकायनं लय शिव्या देल्ल्या. पयले पयले गावोगाव मानसं उठून उभी राहत, अन् जित्ता ड्रायवर दिसला का दगड उचलत, म्हने मरनाची थट्टा करतं का. पन दुसऱ्या ड्रायवर लोकायलेबी ते पटलं, जीव तं सगळ्यायलेच पाहिजे. एकानं लावली, दुसऱ्यानं लावली, हळूहळू सगळीच कोळशाची लाईन दिवसा बत्त्या लावून चालाले लागली. करंजीसारखं पुन्हा त्या सडकेवर झालं नाई. खरं सांगतो, नाई झालं.

मंग दोन वर्सामांगं याडीच्या पोटात दुखाले लागलं. यवतमाळच्या दवाखान्यात नेली, तिथंच गेली. ड्रायवरनं शेठची मोटार मांगून आनली, मांगं चादर हातरली, मी तिचं डोस्कं मांडीवर घेऊन बसली. त्यानं बत्त्या लावल्या, दोनी. दुपार होती, धुरळा नव्हता, पानी पडून गेलतं. अन् भाऊ, यवतमाळपासून आमच्या तांड्यापरेंत एकबी मानूस उठून उभा राह्यला नाई. पारावर बसलेले बिड्या ओढत बसले. एका गावात एकानं हात देल्ला, म्हने मारेगावपरेंत सोडता का. ड्रायवर हॉर्न वाजवत राह्यला, कोनाले वाटलं घाईत हाय. तांड्यात आलो तं बाया दानं पाखडून राह्यल्या होत्या, एक म्हने बजारातून काय आनलं. मोटार थांबवून थो खाली उतरला, मांगं आला, तिच्या पायाले हात लावला अन् मले म्हने, सकरी, माझ्या मायसाठी कोनी उठलं नाई.

बत्त्या लावा म्हनून मीच सांगतलं होतं. आजबी निंगताना मीच सांगतो, लावा म्हनतो, थो लावते, अन् थो जित्ता हाय, देवानं त्याले असंच ठेवाव, तुमचंबी सगळ्यायचं चांगलं कराव. पन एक गोष्ट गेली भाऊ. आंधी बत्त्या नसल्या का दुरूनच समजे, सगळं बरं हाय, मी चुलीकडं वळायची. आता बत्त्या रोजच लागलेल्या. जित्ता येऊन राह्यला का मेलेला, दुरून काहीच समजत नाई. मी दारात उभी राहतो. मोटार थांबते, दार उघडते, अन् त्याचा पाय जमिनीले लागला का मंग मी श्वास घेतो.