इमानुएलची नवी रचना

(हंगेरीतलं पेश्त शहर, १८५८चा हिवाळा. दिवाणखान्यात गुरुवारच्या मैफलीचे पाहुणे. आतल्या खोलीत फ्रिडेरिका आणि तिची नणंद ओटिलिया.)

फ्रिडेरिका : म्हणजे, टाळ्या वाजवल्या त्यांनी?

ओटिलिया : चांगल्या कडकडून. तू पियानोवरून उठून आत आलीस. मग तो लाइपझिगचा प्रकाशक टाळ्या वाजवायला लागला. त्याच्यामागून सगळेच.

फ्रिडेरिका : वन्सं, मी मध्येच थांबले होते. पुढचा अख्खा भाग उरला होता.

ओटिलिया : मला कळलं. त्यांना नाही कळलं.

फ्रिडेरिका : 'पुढचं इमानुएल वाजवतील, रचना त्यांची आहे,' असं स्पष्ट म्हणाले मी. तेही कुणी ऐकलं नाही?

ओटिलिया : ऐकलं ना. इमानुएल पांढराफटक पडला. एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो, आज पियानोकडे बघवेना त्याला. म्हटलं, फुटलं आता बिंग.

फ्रिडेरिका : मग?

ओटिलिया : प्रकाशकानंच वाचवलं त्याला. त्याला वाटलं, तू थट्टेनं म्हणालीस. म्हणाला, सूर असा अधांतरी सोडायचा म्हणजे केवढं धाडस, असा शेवट आजवर कुणी केला नाही. इमानुएलनं मान खाली घातली आणि म्हणाला, फार दिवस धीर होत नव्हता.

फ्रिडेरिका : असं म्हणाले?

ओटिलिया : अगदी नम्रपणे. आता आहे तशीच छापणार आहेत. त्याच्या नावानं.

फ्रिडेरिका : तो शेवट नाही हो. तिथून पुढे ती सुरावट हळूहळू परत घरी येते. त्यासाठीच तर सगळा हिवाळा घालवला मी.

ओटिलिया : डोळे पूस आणि बाहेर चल. बायका विचारताहेत.

फ्रिडेरिका : आणि बाहेर जाऊन खरं सांगितलं तर? लग्नानंतर छापलेलं सगळंच माझं आहे म्हणून?

ओटिलिया : सांग की. आधी सगळे एकमेकांकडे बघतील. मग कुणीतरी म्हणेल, बिचारीच्या मनावर ताण आलाय. आणि तुझी रवानगी फ्युरेडला, पाण्याच्या उपचारांना. त्या वकिलाच्या बायकोला, गिझेलाला पाठवलं तशी. तुझ्या मुली इथेच राहतील.

फ्रिडेरिका : आधी नीट विचारलं होतं मी त्यांना. निदान दोघांचं नाव घाला म्हटलं. हसले. म्हणाले, बाईचं नाव दिसलं की लोकांना तो घरबसल्याचा विरंगुळा वाटतो, कुणी वाजवणार नाही. मीच प्रकाशकाकडे जाते म्हटलं, तर करारावर सहीसुद्धा त्यांचीच लागते.

ओटिलिया : त्यात तो खोटं काही बोलला नाही.

फ्रिडेरिका : तुम्ही भावाचीच बाजू घेणार.

ओटिलिया : बाजू? त्याचं नाव कशानं झालं, माहितेय ना तुला?

फ्रिडेरिका : त्या पहिल्या गाण्यांनी. त्यातली अंगाई ऐकूनच मी लग्नाला हो म्हटलं.

ओटिलिया : ती माझी आहे.

फ्रिडेरिका : वन्सं?

ओटिलिया : आमची धाकटी बहीण आजारी होती, तिला निजवायला केली होती. इमानुएलला नोकरीसाठी काहीतरी दाखवायचं होतं. वडील मला म्हणाले, तू काय करणार आहेस गाणी घेऊन? मी वही त्याला देऊन टाकली.

फ्रिडेरिका : म्हणजे मी तुमच्या गाण्यावर भाळून त्यांच्याशी लग्न केलं.

ओटिलिया : तसंच म्हणायचं. आणि त्या लग्नात ती वाजवायला मलाच बसवलं होतं.

फ्रिडेरिका : दर गुरुवारी कुणी ना कुणी ती गातंच इथे. तुम्ही कॉफी ओतत ऐकत बसता.

ओटिलिया : म्हणून तर ओतते. हातांना काम असलेलं बरं.

फ्रिडेरिका : अशीच होती ती? छापलीय तशी?

ओटिलिया : छे. त्याला फार संथ वाटली. लय वाढवली त्यानं. त्या लयीत कुठलं मूल झोपणार?

फ्रिडेरिका : मला ऐकायचीय. तुमच्या लयीत.

ओटिलिया : वेडी आहेस का? बाहेर पाहुणे आहेत.

फ्रिडेरिका : हळू म्हणा.