इन्फ्रारेडचं कपाळ

मानसिंगतात्याचा दोष! कॉम्प्युटरचा नाही, विंडोजचा नाही, माझा तर अजिबातच नाही... माझा सख्खा चुलता, पलटणीतनं सुभेदार होऊन आलेला, ज्याच्या मिशीला रहिमतपूरजवळची आमची अख्खी आळी वचकून असते, त्या मानसिंगतात्याचा! आता तुम्ही म्हणाल, वडीलधाऱ्यांबद्दल असं बोलू नये. का बोलू नये? वडीलधाऱ्यांनी असं वागावं का?

ऐका. मी सांगलीला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. तात्या एसटीनं होस्टेलवर आला, माझी वळकटी स्वतःच्या हातानं बांधली नि म्हणाला, "जया, शिकून काय दिवं लावनार हायस? आपल्या दूध संस्थेत कॉम्प्युटर आलाय, ऑपरेटरची जागा निघालीया. चेरमन नानासो माज्या शब्दाभाईर न्हाई. चल!" मी म्हटलं, "आवं तात्या, परीक्षा तोंडावर आलीय." तर म्हणे, "परीक्षा काय, दरसाल येत्यात. जागा येती का?" आणि मी, मूर्ख, आलो!

तर संस्थेत नवा कॉम्प्युटर, त्यात ताजी विंडोज अठ्ठ्याण्णव, आणि एक असला प्रिंटर, ज्याला वायरच नाही! म्हणजे विजेची असते हो, पण कॉम्प्युटरपर्यंत जाणारी नाही. कॉम्प्युटरच्या पाठीमागनं एक काडेपेटीएवढी डबी पुढं आणून ठेवायची, डबीला एक काळा डोळा, प्रिंटरला तसलाच काळा डोळा, दोघांची नजरानजर झाली की कागद छापून बाहेर! इन्फ्रारेड म्हणतात त्याला, टीव्हीच्या रिमोटचाच भाऊ. हातभर अंतर, फक्त हातभर! पण तेवढं जुळवायला मला आठ दिवस लागले. विंडोजमध्ये सोय आहे म्हणतात... आहे, पण ती आधी शोधायची, मग चालू करायची, मग मशीन बंद करून पुन्हा लावायचं, मग ती विचारणार कुठलं पोर्ट, आपण एक सांगितलं की तिला दुसरंच पाहिजे, आणि एवढं करून स्क्रीनवर काय? रेंजमध्ये एकही उपकरण नाही! अगं बये, समोर आहे ना! हातभर अंतर!

नवव्या दिवशी लागलं. कागद सरसरत बाहेर आला. तात्याला तर खूळच लागलं, मधे हात घातला की छपाई थांबायची, हात काढला की सुरू, पोरासारखं दहा वेळा केलं त्यानं! "आयला जया, मी आडवा आलो की ह्येचं काम खल्लास!" हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

मुहूर्त दसऱ्याचा. सगळे संचालक फेटे बांधून हजर, आणि ठरलेलं असं की पहिला कागद छापायचा तो माझ्या नेमणुकीचा, नानासोंनी तिथल्या तिथं सही ठोकायची. मजकूर मी टाईप करून तयार. तात्या म्हणाला, "आदी पूजा." करा की! माझी काय हरकत? मी नारळ आणायला बाहेर गेलो... तिथंच बुडालो. आत काय झालं ते मला मागाहून बिराप्पा शिपायानं सांगितलं. हरणाबाई काकी, म्हणजे तात्याची बायको, ताट घेऊन उभी. "आवं, ह्या मशीनला कुंकू लावू कुटं?" आणि तात्या बोट दाखवून, "त्यो काळा डोळा हाय न्हवं, तेच ह्येचं कपाळ. लाव. हात आखडू नगंस!"

काकीनं हात आखडला नाही. ओली हळद, त्यावर ओलं कुंकू, त्यावर अक्षता, त्यावर झेंडूची पाकळी. दोन्ही कपाळांना!

नारळ फुटला, टाळ्या झाल्या, मी बटण दाबलं. ढिम्म. रेंजमध्ये एकही उपकरण नाही. परत दाबलं. परत. अकरा वेळा दाबलं हो! नानासो घड्याळ बघायला लागले, आणि मग माझी नजर गेली त्या डबीकडं... मी हळूच म्हटलं, "तात्या, तेवढं कुंकू पुसावं लागंल."

संपलं! काकीनं मंगळसूत्र मुठीत धरलं. "दसऱ्याच्या दिशी कुंकू पुसतूस? माजं मानूस हितं जितं बसलंय रं!" मी म्हटलं, "काकी, तुमचं नाही, मशीनचं!" "मशीनला लावलं कुनी? म्याच न्हवं?"

नानासो वळले. "मानसिंगराव, पोरगं म्हंतंय ते खरं हाय का?"

बघा हं. तात्या माझ्या शेजारीच, हातभर अंतरावर. दहा वेळा मधे हात घालून बघितलेला माणूस! एकच शब्द बोलायचा होता, "व्हय." तात्यानं मिशीवरनं हात फिरवला, काकीकडं बघितलं, नानासोंकडं बघितलं, माझ्याकडं सोडून सगळीकडं बघितलं आणि म्हणाला, "काय हाय चेरमन... पोराचं शिक्षान अर्धवट ऱ्हायलंय."

ऱ्हायलंय! आपोआप ऱ्हायलं! वळकटी कुणी बांधली? आणि असल्या माणसाच्या भरवशावर आपण वीस वर्षं सरहद्द सोडली होती, विचार करा!

जागा त्याच संध्याकाळी, सोनं वाटता वाटता, नानासोंच्या मेव्हण्याला गेली. दुसऱ्या दिवशी पूजा उतरली, बिराप्पानं ओल्या फडक्यानं दोन्ही मशीनं लख्ख पुसली (त्याला कुणी चकार शब्द बोललं नाही हो!), कॉम्प्युटर चालू केला आणि प्रिंटर खडबडून जागा झाला. अडकून पडलेले अकराच्या अकरा कागद बाहेर! बिराप्पा सायकलवर टाकून घरी घेऊन आला. "जयराज, तुजी कागदं गड्या. लय झ्याक उमटल्यात." अकरा नेमणुका, अकराही माझ्या नावाच्या, खाली सहीची जागा कोरी. हातभर अंतर... जाऊ दे.

कॉलेजनं हजेरीतनं नाव काढलं. काकीचं कुंकू शाबूत आहे. माझी डिप्लोमाची दोन वर्षं गेली आणि नोकरी गेली.