रंगाखालची कडी

आत्या, मावशी, शैलाकडे शिकणाऱ्या पोरींनो, शेजारच्या वर्कशॉपमधल्या अण्णांनो, आलात, बरं झालं. यशवंतपूरच्या या शेडमध्ये एवढी माणसं कधी जमली नव्हती. मला बोलता येत नाही. बोलायची ती, आपली शैला. मी तिचा मामेभाऊ, ती वर चढली की खाली उभा राहणारा.

छताला टांगलेल्या साखळ्यांवर ती चढायची. पायाला विळखा घालून उलटी लटकायची. अंगभर काळेनिळे वळ. आत्या म्हणायची, "अगं, कापडावर चढतात ना हल्ली, ते कर की." ही हसायची. "कापड लाड करतं, आई."

चढण्याआधी ती डोळे मिटून एकेक कडी बोटांनी चाचपायची. रोज. मी चिडवायचो, "जप चाललाय का?" ती म्हणायची, "गप रे, मोजणी चुकते."

मग खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं, यंत्रं पुजतात. मी साखळ्या उतरवल्या, धुतल्या आणि काळा चकचकीत रंग दिला. जाड. दोन हात. हळदीकुंकू उठून दिसावं म्हणून! शैला म्हणाली, "रंग कशाला? लोखंड दिसू दे." मी म्हटलं, "सणाला स्वल्प, थोडंसं नटू दे की."

पूजेनंतर पहिलाच सराव. ती चाचपत होती. थांबली. म्हणाली, "हाताला काही कळत नाहीये रे."

काय म्हणालो मी? "साखळी जुनीच आहे. चढ."

ती चढली.

तुटलेल्या कडीतला तडा जुना होता, असं तपासणाऱ्यांनी सांगितलं. माझ्या रंगाने तो बुजवला. हे आजवर आत्यालाही सांगितलं नव्हतं. आत्या, मी गुन्हेगार आहे. माफी मागायची लायकी नाही माझी.

पण आज गप्प बसता येत नाही. का, ते सांगतो. पोरींनी त्यांच्या शैलाअक्काला श्रद्धांजली म्हणून आत्ता चढायचं ठरवलंय. मघाशी मला म्हणाल्या, "अण्णा, दोनच मिनिटं." तुमच्या डोक्यावर लटकतेय ती दुसरी साखळी. त्याच दिवशी मीच रंगवलेली. तिच्या रंगाखाली काय आहे, मला ठाऊक नाही. कुणालाच नाही.

कुणी चढायचं नाही. सरी? कळलं ना?

आता तिच्यासाठी दोन मिनिटं शांत उभे राहूया. पण आधी उठा, हळूच मागे सरका, आणि सगळे भिंतीला लागून उभे राहा.