दारातला रांजण अन् आफ्रिकेचे हातपंप

तुम्ही म्हणाल, ही भिंतीला कान लावते. नाय हो, शेजारच्या कमलचा आवाजच मोठा. परवा बहिणीला फोनवर सांगत होती, "सरकार तिकडं आफ्रिकेत हातपंप देतंय, अन् आमच्या ह्यांना..." तेवढ्यात मेलीनं मिक्सर लावला.

माझा जीव असा जळाला! तिचा नवरा हातपंपाचा मिस्त्री. म्हणजे आमच्या पडेगावच्या गल्लीतला पंप दोन महिने बंद, नळाला आठवड्यानं पाणी, अन् भाऊजी विमानात! वाटीभर साखरेचं निमित्त काढून गेलेच.

"भाऊजी, पाणी आधी घरच्यांना द्यावं का परक्यांना?"

भाऊजी हसले. "वहिनी, नळ आला की तुम्ही आधी दारातला रांजण का भरता? घरातल्या घागरी रिकाम्याच असतात की."

"त्यावर सासऱ्यांचं नाव हाय. येणारा-जाणारा पाणी पितो, नाव वाचतो."

"मग त्या पंपांवर बी देशाचं नाव राहणार."

मी हळूच विचारलं, "विमान कधीचं?"

"कसलं विमान? तिकडचीच चार माणसं काम शिकायला माझ्याकडं येणार. शिकवायला गल्लीतला बंद पंपच मागून घेतलाय."

पंप खरे, विमान खोटं. लई बरं वाटलं मला. तेवढ्यात कमल आतून म्हणाली, "पाहुण्यांचा चहा-नाश्ता आमच्याकडंच बरं का!"

साखर न घेताच परत आले. दुसऱ्याच दिवशी रांजणावर सासऱ्यांचं नाव इंग्रजीतून लिहून घेतलं.