तात्यांनी लावलेला टँकरचा अलर्ट

काकू, साहेब, ऑफिसमधले माझे सगळे सोबती, आणि म्हसवडहून आलेली तात्यांची भावकी. सगळ्यांना नमस्कार.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हणाले. इंटरनेटची कुठली पेटी का बंद पडली ते मी सांगू शकते. पण माणूस गेल्यावर काय बोलायचं, ते मला येत नाही. सकाळपासून चार कागद लिहिले आणि फाडले. शेवटी काकूच म्हणाल्या, "आगं, रडायचं समदं झालंय. तू त्यास्नी रोज हसत हुतीस, तसंच बोल." म्हणून तसंच बोलते. मधेच हसू आलं तर खुशाल हसा.

म्हसवडच्या पाहुण्यांना वाटत असेल, विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसात, त्या एसीच्या खोलीत तात्या दिवसभर करायचे तरी काय. तर आमची कंपनी जत तालुक्यातल्या गावांना आणि वस्त्यांना इंटरनेट देते. प्रत्येक ठिकाणी आमची एक पेटी असते, आणि आमच्या भिंतीवरच्या स्क्रीनवर तिचा एक ठिपका. पेटी चालू असली की हिरवा, बंद पडली की लाल. लाल झाला की आमच्या फोनवर मेसेज येतो, त्याला आम्ही अलर्ट म्हणतो. कुठला अलर्ट कधी वाजवायचा आणि कुणाला पाठवायचा, हे लावून देणं माझं काम. आणि धुळाजी कोळेकर, म्हणजे आपले तात्या, फौजेत सिग्नलला, वायरलेसच्या कामावर, नोकरी करून आलेले, माझे वरिष्ठ.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. जतच्या पलीकडे एका वस्तीवरच्या शाळेत आमची पेटी आहे. ती दर दोन दिवसांनी सकाळी अकराच्या सुमाराला बंद पडायची. वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप चालू. आमचा माणूस जतहून गाडी मारत जायचा, पोचेपर्यंत ठिपका हिरवा. मी केबल बदलली, सॉफ्टवेअर बदललं, सेटिंग उलटंपालटं केलं. काही उपयोग नाही. तात्या माझ्या मागं उभं राहून म्हणाले, "स्नेहल, स्क्रीनकडं बघून काय दिसणार? चल, वस्तीवर जाऊन बसू."

गेलो. शाळेच्या पडवीत बसलो. अकरा वाजले आणि पाण्याचा टँकर आला. शाळेचे शिपाई बिराप्पामामा शांतपणे आत गेले, आमच्या पेटीचा प्लग काढला, तिथं पाण्याची मोटर लावली, आणि टँकरचं पाणी वरच्या टाकीत चढवायला सुरुवात केली. खोलीत प्लग लावायला जागा एकच. मी कपाळाला हात लावला. मामा म्हणाले, "आवं बाई, इमानदारीनं परत लावतो की. एक दिस बी इसरलो न्हाई."

तात्या इतके हसले, इतके हसले, की त्यांना ठसका लागला. तीन महिने मी ज्याच्यासाठी डोकं फोडून घेतलं, तो बिघाड म्हणजे बिराप्पामामांचा इमानदार हात होता.

तात्यांनी पेटीला नवी बॅटरी बसवली. मग मामांनी प्लग काढला तरी इंटरनेट बंद पडेना. फक्त "वीज गेली" एवढा मेसेज यायचा. मी म्हटलं, आता हा मेसेज कशाला, काढून टाकते. तात्या म्हणाले, "काढू नगंस. त्याचं नाव बदल." आणि त्यांनी स्वतः टाइप केलं, "टँकर आला." दर दोन दिवसांनी साहेबांपासून सगळ्यांच्या फोनवर, टँकर आला. साहेब, तुम्ही एकदा महत्त्वाच्या मीटिंगमध्ये तो मेसेज मोठ्यानं वाचला होता. आठवतंय? मीटिंगला आलेल्या लोकांना आम्ही पाण्याचा धंदा करतो असं वाटलं होतं.

आता एक गोष्ट सांगते, जी साहेबांना माहीत नाही. तात्यांना होती, आणि त्यांनी कुणाला सांगितली नाही.

मागच्या मे महिन्यात तात्या भाचीच्या लग्नाला म्हसवडला गेले. आठवडाभर. मी स्क्रीन आवरायला घेतली. हा टँकरचा अलर्ट म्हणजे बिघाड नाही, उगाच गोंगाट. मी तो गप केला. कुणाच्याही फोनवर जाणार नाही असं सेटिंग लावलं. आठवडा कसा छान गेला. सगळे ठिपके हिरवे, सगळे फोन गप. मी स्वतःवर लय खूश.

तात्या परत आले. लग्नाचे लाडू टेबलावर ठेवले आणि पहिलं वाक्य, "टँकरचा मेसेज न्हाई आला?" मी म्हटलं, तात्या, मी तो बंद केलाय. त्यांनी खुर्ची ओढली, जुनी नोंद उघडली. मेसेज कुणाला जात नव्हते, पण प्लग निघाला की मशिनमध्ये नोंद व्हायचीच. सहा दिवसांत एकही नोंद नव्हती. मामांनी सहा दिवसांत प्लग काढलाच नव्हता.

तात्यांनी मामांना फोन लावला. टँकरचं इंजिन बसलं होतं, बदली टँकर कुणी पाठवला नव्हता. वस्तीवरच्या बायका दोन कोसांवरून डोक्यावर पाणी आणत होत्या. तात्यांनी विचारलं, आरं, मला फोन का केला न्हाईस? मामा म्हणाले, "तुमीच म्हणला हुता की तात्या, टँकर आला का न्हाई ते तिकडं तुमास्नी दिसतंय. आमी म्हणलं, दिसतच आसंल."

मला कुठं तोंड लपवावं कळेना. तात्या उठले, टँकरची व्यवस्था बघणाऱ्या कचेरीत गेले आणि तिथंच ठिय्या मारून बसले. दिवस मावळायच्या आत वस्तीवर टँकर पोचला. साहेबांनी विचारलं तेव्हा तात्या म्हणाले, "सेटिंग माझ्याकडनं चुकलं." साहेब, ते तात्यांकडून चुकलं नव्हतं. ते मी केलं होतं. आज सगळ्यांसमोर सांगते.

मला ते रागावले नाहीत. चहा पिताना एवढंच म्हणाले, "आमचा आबा दुपारचा मेंढरांजवळ झोपायचा. मेंढरं बें बें करत आसली की आबा घोरायचा. कळप गप झाला की आबा ताडकन उठून काठी घ्यायचा. गप झालं म्हंजी कायतरी झालंय. तुज्या मशिनला एवढं शिकिव."

मग आम्ही दोघांनी बसून तो अलर्ट लावला. टँकरच्या दिवशी दुपारी बारापर्यंत वस्तीवरून मेसेज आला नाही, तर सगळ्यांचे फोन वाजणार. जगभरची माणसं काहीतरी घडलं की कळावं म्हणून अलर्ट लावतात. आमच्या तात्यांनी काही घडलं नाही तर कळावं म्हणून लावला. तेव्हापासून तो एकदाच वाजला, आणि त्या दिवशी टँकर दोन तासांत पोचला. तात्या ऑफिसभर लाडू वाटत फिरले.

गेल्या आठवड्यात जेवून पडले आणि उठले नाहीत. मला ते सारखे हवे आहेत. दुसरं काय सांगू?

आता प्रथेप्रमाणे दोन मिनिटं शांत उभं राहायचं असतं. पण या माणसाला शांततेची धास्ती होती. म्हणून मी बिराप्पामामांना आधीच विचारून ठेवलंय. ते आज आले नाहीत. म्हणाले, "टँकरचा वार हाय, पाणी कोण चढवणार?"

अकरा वाजून गेलेत. मी फोन लावते, स्पीकरवर. सगळ्यांनी उभं राहूया. काकू, तुम्ही बसा, तुम्ही बसूनच ऐका.

हॅलो, मामा. मी स्नेहल. आमी समदे उभं हाय. तुमी कायबी बोलू नका. फोन तेवढा टाकीकडं धरा.

तात्या, ऐका. पाणी चढतंय.