माझा चौकोन

— छे, सहज नाही आलात तुम्ही. मान खाली घालू नका, वस्तरा गळ्यावर आहे. हं, अशी. सहज आलेला माणूस दारात थांबून आधी पाटी वाचत नाही, मग काचेतून आत कोण कोण आहे ते बघत नाही, आणि माझा कारागीर मोकळा बसलेला असताना ‘मालकांच्याच हातची दाढी हवी’ असा हट्ट धरत नाही. टॉवेल गुंडाळतानाच ओळखलं मी तुम्हाला. कसं काय? अहो, डोक्यावर दोन भोवरे आहेत तुमच्या, एक उजवीकडे फिरतो, एक डावीकडे. मुलगा आमच्या घरी मुलगी बघायला आला होता ना, कप उचलायला खाली वाकला तेव्हा त्याचे बघितले होते — हुबेहूब. म्हटलं हे त्याचे मामाच. लोक म्हणतात, दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं होतात — तुमचं एकच ना? हलू नका, गंमत केली. आमची मुलगी म्हणते, बाबा, भोवऱ्याचं इतकं सरळ नसतं, नुसत्या भोवऱ्यावरून नाती लावत जाऊ नका. असेल. पण चाळीस वर्षं मी लोकांकडे वरून बघतोय, चेहऱ्याच्या आधी डोकं दिसतं मला. डोक्यावर टोपी का घातलीय म्हणता? तुम्ही पाचवे विचारणारे आज. सांगतो, आधी हा गाल होऊ द्या.

बरं झालं आलात. मध्यस्थ बाईंनी फोनवर सांगितलंच होतं सगळं. मुलाकडच्यांना मुलगी पसंत आहे, शाळेत जीवशास्त्र शिकवते, वागायला-बोलायला चांगली, फक्त दोन गोष्टी. एक, कपाळावरची ती पांढरी बट काळी ठेवायची, लग्नात आणि लग्नानंतरही, म्हणजे मुलाच्या आजीबाईंना आणि नात्यागोत्यात कुणाला कळायला नको. आणि दुसरी, पुढे मुलाबाळांना असलं काही होणार नाही असं डॉक्टरांकडून लिहून आणायचं. मुलाची काही तक्रार नाही — त्याला आमच्या मुलीने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं, तो म्हणाला मला काय त्याचं. तक्रार तुम्हा मोठ्यांची. आणि तो कागद न्यायला तुम्हाला पाठवलं, पण समोर बसून मागायला तोंड होईना, म्हणून ही दाढी. बरोबर ना? लाजू नका. मीही तसलाच आहे, सरळ बोलायला मला पंचवीस वर्षं लागलीत.

आता ऐका. कोड नाही ते. पसरत नाही, लागत नाही, दुखत नाही. जन्माला येताना जेवढं, मरताना तेवढंच. मुलीने मला समजावलंय, मी तुम्हाला तिच्या शब्दांत सांगतो — माणूस पोटात असतो ना, तेव्हा रंग करणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याजवळून निघतात आणि चालत चालत सगळ्या अंगभर जातात. कपाळ नि पोट त्यांना सगळ्यात लांब. आमच्या घराण्यात त्या कपाळाच्या अलीकडेच थांबतात. का थांबतात? तर प्रत्येक पेशीत ते डीएनए असतं, म्हणजे शरीर कसं घडवायचं ते लिहिलेली वहीच समजा, त्यात त्यांना पुढे चला म्हणणारी एक ओळ आहे, त्या ओळीत आमच्याकडे एका अक्षराची चूक आहे. एका अक्षराची. बाकी डोळे, कान, अक्कल सगळं जागच्या जागी. आणि वहीच्या दोन प्रती असतात प्रत्येकाकडे, एक आईची, एक बापाची. आमच्यात एक बरोबर, एक चुकलेली, आणि बट दिसायला चुकलेली एकच पुरते. मूल होताना त्या दोनांतली कुठली तरी एकच पुढे जाते. म्हणजे काय? म्हणजे छापा-काटा. प्रत्येक वेळी नव्याने, आणि नाण्याला मागचं काही आठवत नाही. पहिल्याला झालं म्हणून दुसरं सुटलं असं नाही. म्हणून सांगतो, होणारच नाही असं लिहून देणारा डॉक्टर भेटला तर त्याच्याकडे औषधाला जाऊ नका. पण एकदा सुटला तो सुटला हं, त्याच्या पुढच्या पिढ्यांत काही नाही. आता माझ्या धाकट्या भावाला नाही मिळाली ती प्रत, तर त्याच्या पोरांना —

काय? काय म्हणालो मी? माझ्या भावाला नाही मिळाली म्हणालो. हं. म्हणजे मला मिळाली. बोलून गेलो खरा. असं आरशातून बघू नका माझ्याकडे. तुम्हाला मध्यस्थ बाईंनी सांगितलं असेल की हे मुलीच्या आईकडून आलंय, आजोळचं आहे. सगळ्या गावाला तेच माहीत आहे. खोटं आहे ते. माझ्याकडून आलंय. आणि मला माझ्या वडिलांकडून. थांबा, वस्तऱ्याचं पान बदलतो.

वडिलांचं हेच दुकान. मी त्यांना कधी टोपीशिवाय पाहिलं नाही, म्हणजे बघा, दिवसभर दुसऱ्यांची डोकी उघडी करणारा माणूस, स्वतःचं कधी उघडं केलं नाही. मला वाटायचं टक्कल असेल. आजारी पडले तेव्हा शेवटची हजामत मी केली, तेव्हा दिसलं — कपाळाच्या मधोमध पांढरा पट्टा, माझ्यासारखाच. आई शेजारी उभी होती, म्हणाली, टोपी घाल त्यांना. तिला माहीतच होतं. मी लहान असताना तीच तर तव्याखालची काजळी तेलात कालवून माझ्या कपाळावर चोपडायची, शाळेत जायच्या आधी, रोज. मोठा झालो तसा मी कलप लावायला शिकलो. धंदाच आमचा तो, स्वतःचा कलप स्वतः लावणाऱ्याला कोण पकडणार. आमच्या हिला लग्नानंतर महिन्याभरात कळलं. न्हाणीघरात कलपाची वाटी सापडली. ती हसली, म्हणाली एवढंच ना. एवढंच ना — असं म्हणाली ती, आणि मला इतकं हलकं वाटलं त्या दिवशी की काय सांगू.

मग मुलगी झाली. बघायला सगळं नातं जमलेलं, खोली भरलेली, आणि दुपट्याबाहेर ते कपाळ. आणि माझी आई, जिने नवऱ्याला टोपी घातली, मुलाला काजळी लावली, ती सगळ्यांसमोर म्हणाली, आमच्यात असलं काही नाही बाई, हे हिच्या माहेरचं. आमची ही पलंगावर टेकून बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी काय केलं? मी दुपट्याच्या घड्या घालत बसलो. काळा कुळकुळीत भांग पाडून, घड्या घालत बसलो. तो शब्द मग पाय फुटून गावभर गेला. हिच्या धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न त्यावरून मोडलं — म्हणाले, घराण्यातच आहे. ज्या घरात ते औषधालाही नव्हतं त्या घराचं नाव झालं. बोलायला हवं होतं ना मी? एका वाक्याचं काम. नाही बोललो. मुलगी चार वर्षांची झाल्यावर तिलाही कलप लावायला लागलो, दर दुसऱ्या रविवारी, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून. माझा झाला की तिचा, एकाच वाटीतून. मुलीला तोंडावर सांगितलं होतं की बाबांचे केस नुसते पिकतात.

डोळे मिटा, फेस जाईल. मुलगी सोळा वर्षांची असताना शाळेत वंशावळीचा तक्ता करायला सांगितला. घराण्यातली एक खूण घ्यायची, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, खूण असेल तर आतून भरायचा, नसेल तर रिकामा. तिने आपली बट घेतली — बाकीची पोरं गालावरची खळी नि काय काय घेऊन बसली, हिने बट घेतली. हिंमत बघा पोरीची. कलप लावलेली, पण घेतली. आईचा गोल काढला, रिकामा ठेवला. मग मला विचारलं, “बाबा, तुमचा चौकोन भरू की रिकामा ठेवू?” अगदी सहज. आणि मी कात्रीला तेल घालत होतो, मान वर न करता म्हणालो, रिकामा ठेव.

तिने ठेवला. दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी तो तक्ता फळ्यावर काढला आणि सांगितलं, हा चुकलाय, ही खूण दोन्ही रिकाम्यांतून अशी येत नाही. क्वचित कधी अक्षर नव्यानेच चुकतं, नाहीतर मग — आणि बाई थांबल्या. बाई थांबल्या, पण मागच्या बाकावरचे हसले. कळलं ना का हसले ते? माझ्या बायकोवर हसले. मी चौकोन रिकामा ठेवला आणि लोकांनी त्यात दुसराच कोणी आणून बसवला. मुलगी घरी आली, रडली नाही, काही नाही, वही उघडून आईच्या पुढ्यात ठेवली. आमची ही कणीक मळत होती. तिने हात धुतले, पुसले, पेन मागितलं, आणि माझा चौकोन भरून टाकला. मग वरचा, माझ्या वडिलांचा, तोही. कोपरेसुद्धा सोडले नाहीत. परत जाऊन मळायला लागली. सोळा वर्षांत त्या बाईने मला एका शब्दाने विचारलं नव्हतं, आणि तेव्हाही नाही विचारलं.

तुम्हाला वाटेल, मग सुधारला असेल हा. कसला सुधारतो. त्यानंतर नऊ वर्षं मी दर दुसऱ्या रविवारी वाटी कालवतोय. घरात तिघांना माहीत, बाहेर कोणाला नाही, चाललंय. आणि तुम्हाला ऐकायचंच आहे तर ऐका — मध्यस्थ बाईंचा फोन आला तेव्हा मी त्यांना हो म्हटलं होतं. मुलीला न विचारता. म्हटलं, कलपाचं काय हो, आयुष्यभर लावेल, घरचाच धंदा आहे. कागदाचंही बघतो म्हणालो. आमच्या ओळखीचे एक डॉक्टर येतात दाढीला. हो, तिथपर्यंत गेलो होतो मी. हसू नका, तुम्ही तो न्यायलाच आला आहात.

काल रविवार होता. स्टूल मांडलं, वाटी कालवली, मुलगी येऊन बसली. हातात ब्रश घेऊन मी तिला सांगितलं, की बाई, त्यांची एवढीच अट आहे, मी हो म्हणून बसलोय. तिने नेहमीसारखी मान पुढे केली. मला वाटलं बरं झालं, मिटलं. मग मागे न वळता म्हणाली, “बाबा, माझ्या मुलांना काय सांगू? आजोबांचा चौकोन रिकामा ठेवा?”

मी ब्रश वाटीत ठेवला. हिने हातातलं काम थांबवलं होतं तेवढं कळलं. मग मी मुलीला म्हटलं, ऊठ. आणि मी बसलो त्या स्टुलावर. म्हटलं, दुकानातलं झिरो मशीन पिशवीत आहे, काढ, आणि फिरव. कळता झाल्यापासून पहिल्यांदा दुसऱ्या कोणाच्या हाताखाली बसलो मी. हात हलका आहे तिचा. वाटी मोरीत ओतली. काळं पाणी जाईपर्यंत आमची ही तिथे उभी राहून बघत होती.

झाली दाढी. तुरटी फिरवतो, झोंबेल जरा. आणि आता टोपीचं. वडिलांची आहे ही. सकाळपासून घालून बसलोय, चौघांना सांगितलं थंडी वाजतेय — एवढं सगळं करून दुकानात यायच्या वेळेला पुन्हा कच खाल्ली, काय करता. सवय वाईट. ही घ्या, काढली. असं चोरून काय बघता, आरशात नीट बघा. आहे ना पांढरा पट्टा मधोमध? कातडीसुद्धा पांढरी आहे तिथली. बाकावरचे काका, तुम्ही पण बघा हो, पेपर ठेवा खाली. तीस वर्षं येताय माझ्याकडे. हे माझं आहे. माझ्या बायकोच्या माहेरी कोणाच्याही डोक्यावर असलं काही नाही आणि कधी नव्हतं. तिच्या बहिणीचं लग्न हकनाक मोडलं त्यात. हे मी आता येईल त्या गिऱ्हाइकाला सांगणार आहे, त्याने विचारलं तरी आणि नाही विचारलं तरी.

तुमच्या आजीबाईंना कळेल म्हणता? कळू दे. पाहुणे बोलतील? बोलणाऱ्यांचीच डोकी असतात माझ्या हातात. मुलगी येईल तर बटेसकट येईल, नाहीतर तिला घर आहे, नोकरी आहे, आम्ही काही तोंड लपवून बसणार नाही. मोडलं तर वाईट वाटेल, खोटं का बोलू, मुलगा मला आवडलाय. पण कलप बंद. आणि मुलांना झालं तर झालं.

हां, कागद. लिहून मागितलं होतंत ना? हा घ्या. डॉक्टरांचा नाही, वहीतला आहे, नऊ वर्षांपूर्वीचा, जरा पिवळा पडलाय. हा सगळ्यात वरचा भरलेला चौकोन माझे वडील. खाली भरलेला मी. शेजारचा गोल आमची ही — रिकामा आहे, बोट ठेवून बघा, आणि घरी गेल्यावर सगळ्यात आधी हा दाखवा. हा भरलेला गोल मुलगी. तिच्या शेजारी काल तिने तुमच्या भाच्याचा चौकोन काढलाय, पेन्सिलीने. त्याखाली काही काढलं नाही.

— अंहं, घडी घालू नका. खिशात नाही, हातात धरून न्या. उठा आता. या काका, बसा.